भाऊजी, तुम्ही झाडाला टेकला नव्हतात

भाऊजी,

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले आणि कालपर्यंत तुमच्या घरात एकच वाद चालू होता, भिंतीवर फोटो कोणता लावायचा. माझ्या ताईला, म्हणजे तुमच्या बायकोला, पाटबंधारे खात्यातला हवा होता. कालव्याच्या गेटच्या चाकावर एक हात, दुसरा कमरेवर, आणि चेहऱ्यावर असा भाव की सगळं धरण माझ्या वडिलांनी तुम्हाला लग्नात आंदण दिलं आहे. तुमच्या सुनेला, वैशालीला, तिच्या लग्नातला फेट्याचा हवा होता. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "तुमी दोघी ठरवा." मी इतका समजूतदार वागलो की ताईला लगेच संशय आला. "तू काहून गप बसला रे? तुह्या पोटात कायतरी आहे."

होतं. पोटात नाही, फोनमध्ये. पौषातल्या रोडग्यांच्या दिवशी, म्हणजे वावरातल्या पंगतीत, मी तुमचा एक फोटो काढला होता. तुम्ही तो माझ्याकडे किती वेळा मागितला, आणि दर वेळी मी सांगितलं की फोन पाण्यात पडला, सगळे फोटो गेले. फोन पाण्यात पडला नव्हता. फोटो जागच्या जागी होता आणि मी तो अधूनमधून, आसपास कोणी नाही असं पाहून, उघडून बघत होतो. चोर जसा लपवलेला माल बघतो तसा. का लपवला, ते सांगायलाच हे लिहितो आहे.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांना आपल्या पैजा ठाऊक नाहीत. त्यांना थोडक्यात सांगतो, तुम्ही तेवढ्यात आपला अडकित्ता काढा. आपल्यात पैशाची पैज कधी लागली नाही. नियम एकच होता. जो हरेल त्यानं पुढच्या पंगतीत सगळ्यांना वाढायचं आणि सगळ्यांत शेवटी, जे उरेल ते जेवायचं. पहिली पैज तुमच्या लग्नाला दोन महिने झाले तेव्हाची. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि तोंड बंद ठेवणं मला तेव्हाही जमत नव्हतं. मूर्तिजापूरहून एसटीत बसताना तुम्ही म्हणालात, "विजू, बडनेरा येईलोक तू गप राहूनच दाखव." मी खिडकीला डोकं टेकवून झोपून गेलो आणि जिंकलो. झोपलेला माणूस गप्प धरायचा की नाही, यावर तुम्ही पुढे छत्तीस वर्षं भांडलात, पण त्या दिवशी शब्दाला जागलात. दुसऱ्या दिवशी अमरावतीला आमच्या घरी पंगत होती. नव्या जावयाला पाटावरून हलू देत नाहीत, आणि आमचा जावई गमछा कमरेला बांधून वरणाची बादली घेऊन फिरतो आहे. माझ्या आईनं लाजेनं पदर तोंडावर ओढला. आत्या म्हणाली, "जवाई वाढून राह्यला अन् पोट्टं जेवून राह्यलं, आता काय पाहाचं राह्यलं?" तुम्ही माझ्या पानात तीनदा वरण ओतलंत. चौथ्या वेळी मुद्दाम मांडीवर.

तेव्हापासून हिशोब मी ठेवला नाही, पण तुम्ही जास्त हरलात. हे तुम्हाला मान्य नाही, मला माहीत आहे.

मागच्या राखीला मी आलो तेव्हा तुमच्या सदऱ्याची खालची दोन बटणं उघडी होती. हातपाय काटक्या आणि पोट मात्र ढोलकीसारखं. मी सवयीनं म्हणालो, "भाऊजी, कितवा लागला?" तुम्ही हसलात. ताई हसली नाही. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही, तेव्हा मला कळलं की मी चुकीच्या वेळी चुकीचा विनोद केला आहे. तुम्हीच मला सावरलंत. म्हणालात, "टाकी भरून राह्यली बावा. कुठून भरते ते समजून नाई राह्यलं."

अकोल्याला समजलं. कॅन्सर पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरला होता आणि त्यामुळे आत पाणी साठत होतं. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. मुळातला आजार बरा होण्यातला नाही, त्यांनी सांगितलं, पण पाणी काढता येईल, आणि पाणी काढलं की माणूस माणसासारखा राहील. त्या दिवशी सुईनं चार लिटर काढलं. फिकट पिवळं, पातळ चहासारखं. तुम्ही भरलेल्या बाटलीकडे असं पाहिलंत जसं कोणी आपल्या हद्दीतून चोरून वळवलेलं पाणी पकडतं. घरी जाताना रस्त्यात गाडी थांबवून कचोरी खाल्लीत.

आणि मग सुरू झालं ते सुरूच राहिलं. आधी दहा दिवसांनी भरायचं, मग आठ, मग पाच. भरलं की तुम्हाला दोन घास जात नव्हते, आडवं पडलं की धाप लागायची, बुटाची नाडी बांधायला वैशालीला खाली बसावं लागायचं. मधे ताईनं आपल्या डोक्यानं एक उपाय काढला. पोटात पाणी होतं ना, मग पाणी पाजायचंच नाही. तिनं माठ आतल्या खोलीत नेला आणि तुम्हाला अर्धा अर्धा ग्लास मोजून देऊ लागली. ज्या माणसानं सगळी नोकरी लोकांच्या वावराला पाणी वाटण्यात घालवली, त्याच्याच घरात त्याला अर्ध्या ग्लासाची पाळी लागली. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं तेव्हा ताईचा हात धरून समजावलं, की या आजारात प्यायलेलं पाणी बंद करून ते पाणी थांबत नाही, त्यांना तहान लागली तर पाजा, आणि जमेल तेवढं डाळ, अंडं खाऊ घाला. ताई घरी आली आणि तिनं माठ तुमच्या खाटेजवळच आणून ठेवला.  माठच बोलला.

तुमचं दुःख पोटाचं नव्हतं, दिवसांचं होतं. दवाखान्याच्या बाकावर बसून तुम्ही बोटं मोजलीत. "हे पाह्य विजू. सुई टोचाचा एक दिवस. त्याच्या आंधीचा एक दिवस दम लागून वाया. त्याच्या नंतरचा एक दिवस आंग गळून वाया. पाचातले तीन गेले. राह्यलेल्या दोघात मी काय करू, आंग धुऊ का वावर पाहू?"

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी नळीची गोष्ट काढली. पोटात एक मऊ नळी कायमची ठेवायची. काही भाग कातडीखालून सरकवलेला, बाहेर वीतभर टोक, टोकाला वॉल, म्हणजे उघडझाप करायची झडप. एरवी बंद, पट्टीखाली झाकलेली. पाणी साठलं की घरच्या घरी पिशवी जोडायची, ठरवून दिलं तेवढं काढायचं, पुन्हा बंद. अकोल्याला यायची गरज नाही. तुमचे डोळे असे चमकले की मला पाटबंधारे खात्यातला तो फोटो आठवला. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "वॉल कोन्या बाजूनं फिरते?"

मी विरोध केला. जोरदार केला, वर्गात शिकवतो तसा हात हलवून, आवाज चढवून. खेडं आहे, शेण आहे, माश्या आहेत, पोटाला भोक ठेवून माणूस घरी कसा राहील, उद्या आत जंतू गेले तर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हो, जंतू जाऊ शकतात, नळी अडू शकते, बाजूनं पाणी झिरपू शकतं. म्हणूनच घरातल्या एकानं हात धुण्यापासून सगळं शिकायचं. वैशाली लगेच म्हणाली, "मी शिकते." मी तरी अडलोच. तेव्हा तुम्ही मला बाकावर बसवलंत आणि म्हणालात, "मास्तर, पैज लाव. पौषात रोडगे हायेत. मी पंगतीत टोंगळे मोडून, मांडी घालून बसीन. पयला रोडगा पडला तवापासून हात धुवाचा लोटा येईलोक. टेकाचं नाई, उठाचं नाई."

"अन् नाई जमलं तं?"

"तं खाटेवरून उठून वाढीन बावा. मेलो असलो तं आंधी सांगीन."

मी हात पुढे केला. तेव्हा तुम्हाला धड पाच मिनिटं खुर्चीत बसवत नव्हतं. भाऊजी, मला वाटलं मी सुरक्षित पैज लावतो आहे.

खरं कारण आज सांगतो. मला जंतूंची भीती नव्हती. मला वाटलं, नळी बसवली म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. जोवर आपण अकोल्याला जातो आहोत, तोवर काहीतरी चाललं आहे. घरी राहायचं म्हणजे वाट बघायची. तुम्ही उलटं समजला होतात आणि बरोबर समजला होतात, की वाट बघणं अकोल्याच्या बाकावर चाललं होतं.

दिवाळीनंतर नळी बसली. एक दिवस राहून तुम्ही घरी आलात, आणि पाळी बांधून दिलीत. एक दिवसाआड सकाळी, आंघोळीआधी, दीड लिटर. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं होतं की एका वेळी फार काढायचं नाही, तर तुम्ही त्यांनाच समजावलंत, "एकदम गेट उघडलं तं कालव्याची चारी फुटते म्याडम, आमाले ठावं आहे." वैशाली साबणानं कोपरापर्यंत हात धुवायची, हातमोजे घालायची, तोंडाला पट्टी. घरातला पंखा बंद, दार लोटलेलं, कोणी बोलायचं नाही. ताई म्हणायची की सत्यनारायणालाही या घरात एवढं सोवळं पाळलं नव्हतं.

आणि आता तो प्रसंग, जो तुम्ही अख्ख्या गावाला सांगितलात, म्हणून लपवून फायदा नाही. वैशालीला माहेरी दोन दिवस जायचं होतं. मी अमरावतीहून आलो, तिच्याकडून नीट शिकून घेतलं, वहीत लिहून घेतलं. सकाळी हात धुतले, हातमोजे घातले, टोक पुसलं, पिशवी जोडली, वॉल उघडला. सगळं बरोबर. आणि मग आयुष्यभर दवाखान्यात जे पाहत आलो तेच हातांनी केलं. पिशवी उचलली आणि तुमच्या डोक्यावरच्या भिंतीतल्या खुंटीला टांगली. सलाईनसारखी.

थेंब येईना.

मी नळी हलवली, बघितली, तुम्हाला कुशीवर वळायला लावलं. थेंब नाही. ताई दारातून, "काय झालं रे?" मी म्हणालो, "नळी चोक झाली." ताईनं देवघरात दिवा लावला. मी घामाघूम होऊन अकोल्याला फोन लावला, आणि तुम्ही, भाऊजी, उशीवर डोकं ठेवून, पोटावर हात जुळवून, डोळे अर्धवट मिटून पडला होतात. शांत. मी फोनवर सांगतो आहे की वॉल उघडा आहे, पिशवी जोडली आहे, वर टांगली आहे. पलीकडून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वर म्हणजे कुठे?"

तेवढ्यात तुम्ही डोळे उघडलेत. "मास्तर, पोट्टे घडवतो म्हंतं तू. पानी कवा टेकडीवर चढते रे?"

बाई फोनवर म्हणाल्या की पिशवी कायम पोटाच्या खाली ठेवायची, पिशवीत आलेलं उलट पोटात जाता कामा नये, आणि आता नवी पिशवी लावा. त्या रागावल्या होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही. मी नवी पिशवी आणली, जमिनीवर ठेवली आणि पाणी आपलं आपण, सुरसुर, यायला लागलं. तुम्ही म्हणालात, "मले वाटलं आता थांबते, आता थांबते. पन तू नाचूनच राह्यला. मंग म्हनलं नाचू द्या, कितीक दिवसानं नाटक पाह्यलं." पंधरा मिनिटं तुम्ही मला नाचवलंत. तो दिवस संपेपर्यंत घरी येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही आधी ती खुंटी दाखवायचात, मग चहा विचारायचात.

त्या हिवाळ्यात तुम्ही काय काय केलंत ते मी बघत होतो. सकाळी वावरात जाऊन तुरीच्या शेंगा दाबून बघितल्यात. ताईशी भाजीवरून भांडलात, म्हणजे भूक लागायला लागली होती. बुटाची नाडी स्वतः बांधलीत आणि ती दाखवायला मला व्हिडिओ कॉल केलात. फोनवर फक्त बूट दिसत होता आणि मागून तुमचा आवाज, "पाह्य, गाठ पाह्य." अशक्त होतात, गालफडं आत गेली होती, हे खरं. पण दिवस तुमचे होते. पाचातले पाच.

रोडग्यांना दहा दिवस होते तेव्हा ते घडलं. पाणी काढून झालं की तुम्ही पिशवी उजेडाकडे धरून बघायचात. ही सवय तुमची कालव्याची, पाणी बघितल्याशिवाय सोडायचं नाही. त्या सकाळी तुम्ही वैशालीला म्हणालात, "पानी गढूळ आलं." तिला ते रोजच्यासारखंच वाटत होतं. ताप नव्हता, फक्त पोट जरा दुखत होतं. तुम्ही ऐकलं नाहीत. "गढूळ आहे म्हनतो न मी. फोन लाव." संध्याकाळी ताप चढला तेव्हा तुम्ही अकोल्यात होतात, औषध सुरू झालेलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पोचलो. आणि आता जे लिहितो आहे ते तुमच्या तोंडावर कधी बोललो नसतो. दवाखान्याचा जिना चढताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मी म्हटलं नव्हतं का. शेण, माश्या, जंतू. मी जिंकलो. एक पायरी मी जिंकलेल्या माणसासारखा चढलो, भाऊजी. दुसऱ्या पायरीवर मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी कठडा धरून उभा राहिलो. वर आलो तर तुम्ही खाटेवर, डोळे तापानं लाल, आणि मला बघताच पहिलं वाक्य, "खुश नोको होऊ. रोडगे अजून दूर हायेत."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की वेळेवर आलात, आणखी एक दिवस गेला असता तर नळी काढावी लागली असती, आणि कदाचित तेवढ्यावर भागलं नसतं. त्यांनी विचारलं, ओळखलं कोणी? वैशाली म्हणाली, "बाबांनी." तुम्ही म्हणालात, "म्याडम, लोकाइचं पानी पाहून पाहून डोये पिकले. घरचं वयखू नाई येईल का?" आठवडाभर सुयांमधून औषध गेलं आणि पाणी पुन्हा काचेसारखं स्वच्छ पिवळं झालं. तुम्ही ते मला उजेडाकडे धरून दाखवलंत. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या पोटातल्या पाण्याला नमस्कार केला.

आणि मग रोडगे.

वावराच्या बांधावर कडुनिंबाखाली. गोवऱ्यांची रास पेटलेली, जाडसर पिठाचे गोळे निखाऱ्यांत भाजत होते, मोठ्या कढईत वांग्याची भाजी. वैशालीनं अट घातली होती की धुरापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, आणि राखेला हात लावायचा नाही. सकाळी ठरल्याप्रमाणे दीड लिटर काढलेलं. तुम्ही खुर्चीवरून सगळ्यांना सूचना देत होतात, गोवरी इकडे सरकव, भाजीत तिखट कमी आहे, रोडगा फोडायचा असतो कापायचा नसतो. पहिली पंगत बसली. सगळ्यांनी तुमच्यासाठी खुर्ची ठेवली. तुम्ही ती पायानं सरकवली, जमिनीवर हात टेकवून हळूहळू बसलात आणि एकेक टोंगळा, म्हणजे गुडघा, मोडून मांडी घातलीत. मी तुमच्या शेजारी बसलो, साक्षीदार आणि प्रतिपक्ष दोन्ही मीच.

पहिला रोडगा पडला. तुम्ही फोडला, राख झटकली, वर तूप. पूर्वी सहा खायचात, त्या दिवशी दीड खाल्लात, पण त्या दीडाला चाळीस मिनिटं लावलीत. लोक आग्रह करत होते, तुम्ही लोकांना आग्रह करत होतात. एकाला म्हणालात, "जेव बे, तुहं पोट तं रिकामं आहे, माह्यं तं सरकार भरते." सगळी पंगत हसली. मी मात्र तुमच्या पाठीकडे बघत होतो. मागे निंबाचं खोड होतं. तुम्ही थकत चालला होतात. खांदे खाली येत होते, पाठ हळूहळू मागे, मागे. ताई पण बघत होती, तिच्या हातातला तुपाचा चमचा थांबला होता. मला वाटलं, आता टेकले. मी फोन काढला. पुरावा हवा म्हणून, तुम्हाला पकडायला म्हणून. बाजूनं फोटो काढला.

लोटा आला. तुम्ही हात धुतलेत आणि माझ्या अंगावर पाणी उडवून म्हणालात, "कबूल कर."

मी म्हणालो, "मधात टेकले तुमी. झाडाले."

"मी नाई टेकलो. झाडाले इचार."

"झाडाची साक्ष चालत नाई."

पंगत दोन गटांत फुटली. अर्धे म्हणाले टेकले, अर्धे म्हणाले नाही. वैशाली म्हणाली, "मामा, तुमी तं फोटू काढला न?" आणि मी म्हणालो की हो, बघतो, पाठवतो. मग बांधावर एकटा गेलो आणि फोटो उघडला.

तुम्ही टेकला नव्हतात, भाऊजी. तुमची पाठ आणि निंबाचं खोड यांच्या मधे चार बोटं उजेड आहे. वरपासून खालपर्यंत, सलग. आणि त्या उजेडाच्या पट्टीत पलीकडची तूर दिसते आहे, पिवळी.

मी फोन खिशात घातला. का? मला हरायची लाज नव्हती, तुमच्या घरी वाढणं मला नवीन नाही. पण पैज संपली असती तर आपल्याकडे पुढची कुठली होती? दर रविवारी तुमचा फोन यायचा, हॅलो नाही, कसा आहेस नाही. "कबूल कर, मास्तर." मी म्हणायचो, "झाडाकून लिहून आना." तुम्ही म्हणायचात, "होळीलोक मुदत देतो." जोपर्यंत वाद चालू होता तोपर्यंत पुढचा रविवार नक्की होता. मी तुम्हाला फसवलं नाही, मी तुम्हाला थांबवून धरत होतो. जरा फसवलंही.

होळीच्या आठ दिवस आधी मी आलो. तुम्ही अंगणात खाटेवर होतात, ऊन पायांवर. आता पाणी कमी येत होतं आणि तुम्हीच कमी कमी होत होतात. सकाळीच वैशालीनं पाणी काढलं होतं, पोट सपाट होतं, श्वास मोकळा. शेवटच्या महिनाभरात तुम्ही अकोल्याचं नाव काढलं नव्हतंत, डॉक्टरीणबाईच फोनवर विचारायच्या. मी खाटेच्या कडेला बसलो. तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "फोटू?"

"भाऊजी, फोन पान्यात पडला म्हनलं न."

"किती पान्यात?"

 म्हणालो, "टोंगळाभर."

तुम्ही हसलात. गालफडं आत गेलेली, तरी तेच हसू, मांडीवर वरण ओतताना होतं ते. "टोंगळाभर पान्यात पडलेलं सापडते रे, विजू."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. कधीपासून माहीत होतं ते तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात, त्याच अंगणात, त्याच खाटेवर, ताईनं तुमच्या ओठाला पाण्याचा चमचा लावलेला असताना. ना धाप, ना गाडी, ना जिना. ज्या माणसाच्या पाचातले तीन दिवस पाणी खात होतं, त्यानं शेवटी पाण्याच्या हातून सगळे परत घेतले. ताई रडली, मीही रडलो, पण खोटं कशाला सांगू, तुम्हाला खांद्यावर घेतलं तेव्हा मला कुठेतरी असं वाटत होतं की आपण जिंकलेल्या पैलवानाला गावातून मिरवतो आहोत. तुमचं वजन काहीच नव्हतं. मिरवायला सोपं होतं.

तेरवीला मी गमछा कमरेला बांधला आणि वरणाची बादली उचलली. तुमच्या गावातले मोठे लोक म्हणाले, "पाव्हने, तुमी बसा, आमी हाओत न." मी बसलो नाही. पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत वाढलं. लोकांना वाटलं साळ्याला फार दुःख झालं आहे. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "जीव होता दोघाइचा." सगळे उठले तेव्हा मी जेवायला बसलो. वरण तळाला गेलं होतं, भाजीत मिरच्याच उरल्या होत्या. ताई समोर येऊन बसली. तिनं हळूच विचारलं, "कायची हरला रे?"

मी म्हणालो, "सांगतो. जेवू दे."

काल सांगितलं. फोटो दाखवला. ताईनं दोन बोटांनी तो मोठा केला, मग आणखी मोठा, आणि तुमच्या चेहऱ्याकडे नाही, पाठीमागच्या त्या उजेडाकडे बघत राहिली. म्हणाली, "तूर चांगली होती औंदा." मग पदरानं फोनची काच पुसली आणि वैशालीला हाक मारली. पाटबंधारे खातं हरलं, फेटा हरला. आज मी मूर्तिजापूरला जाऊन मोठा करून, काच लावून आणला.

लावायला जागा शोधत होतो. वैशालीनं बोट दाखवलं. तुमच्या खाटेवरची तीच खुंटी, जिला मी पिशवी टांगली होती. मी स्टुलावर चढलो, फोटो अडकवला, सरळ केला, खाली उतरलो. तिघंही मागे सरकून बघत होतो.

वैशाली म्हणाली, "मामा, आता बराबर टांगलं."

मी मागच्या भिंतीला टेकून खाली बसलो. हरलेल्याला टेकायला मनाई नव्हती.